मोहाखालचा युरोप

मार्च सरत आला की परीक्षेच्या वर्गातली शांतता मला सोसवत नाही. मी चंद्रपूरकडच्या मूल गावात एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, पण या दिवसांत शिकवण्यापेक्षा पहाराच जास्त करते. पोरं माना खाली घालून लिहीत असतात, डोक्यावरचा पंखा कुरकुरत असतो, फळ्यावर ‘शांतता राखा’ असं लिहिलेलं असतं, तेही माझ्याच अक्षरात. अशात खिडकीतून वाऱ्याची झुळूक येते आणि तिच्यासोबत तो गोड, जड, किंचित आंबूस वास येतो. मोह गळायला लागला. मग रांगांमधून फिरताना मी वाकलेल्या पाठी बघते आणि उगाचच म्हणते, जरा सरळ बसा रे, मान दुखेल. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. बाईंना दरवर्षी या दिवसांत काहीतरी होतं, हे त्यांना आता पाठ झालं आहे.

होतं ते असं की एक अख्खा हंगाम मी मोहाच्या झाडाखाली काढला आहे, आणि तिथं दोनच गोष्टींना मनाई होती. गप्प राहायचं नाही आणि फार वेळ वाकून राहायचं नाही. बाकी काय वाट्टेल ते करावं.

एम.ए. झालं होतं. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा पहिला प्रयत्न वाया गेला होता आणि दुसऱ्याची तयारी घरी बसून चालली होती. घर म्हणजे जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव. पुढं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागं सागवान, ऐन, मोह. भाऊ बल्लारपूरला कारखान्यात लागलेला, तिथंच खोली करून राहायचा आणि सुटीला यायचा. घरी आई, बाबा, मी आणि त्याची नवी बायको, वनितावहिनी. मी माजघरात बसून युरोप पाठ करायची. मला मोठा इतिहास कधी फारसा पचला नाही. तह, कारणं, परिणाम, सगळं मुद्देसूद. मला आवडायची ती त्या इतिहासाची चिल्लर. कुठल्या राजाला कशाची भीती वाटायची, कुठल्या गावानं कुणावर खटला भरला, असलं काहीतरी. परीक्षेत ते विचारत नाहीत, हे ठाऊक असूनही मी वाचत बसायची. पहिला प्रयत्न वाया का गेला, हे वेगळं सांगायला नको.

मोहाचं येचणं, म्हणजे वेचणं, उजाडताना सुरू होतं. फूल रात्रभर गळतं. पिवळट, रसरशीत, बोटांनी दाबलं तर चिकट. जमिनीवर पसरलेलं असतं आणि ते एकेक करून उचलावं लागतं, त्यामुळे माणूस तास न् तास वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो. अशा बसलेल्या माणसाला जंगलातला ‘तो’ माणूस समजत नाही, कुठलंतरी जनावर समजतो. आमच्याकडं झाडाखाली वाघाचं नाव घेत नाहीत, ‘तो’ एवढंच म्हणतात. मागच्या वर्षी पलीकडच्या गावातली एक बाई अशीच येचता येचता गेली होती. शेजारच्या झाडाखाली तिची जाऊ होती आणि तिला काही कळलंसुद्धा नाही. बराच वेळ आवाज नाही म्हणून बघायला गेली, तर टोपली तेवढी होती.

त्यामुळे वनखात्याची माणसं हंगामाच्या आधी गावात येऊन सांगून गेली. एकटं जाऊ नका, पुरतं उजाडल्यावर जा, मधेमधे उभं राहा आणि मोठ्यानं बोलत राहा. पहिल्या तीन गोष्टी बायकांनी मान हलवून ऐकल्या. चौथी सांगायची काय गरज, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पण बोलणं संपतं. हे मला त्या हंगामात कळलं. पहिले काही दिवस गावातली लग्नं, भांडणं, कुणाची म्हैस, कुणाचा जावई, सगळं झाडाझाडांवरून ओरडून बोलून झालं. आमची झाडं आणि शेवंताबाईची झाडं लागून होती. शेवंताबाई ही गोंड मोहल्ल्यातली, आईच्या वयाची. नवा मोह देवाला दाखवल्याशिवाय ती कुणाला चाखू देत नसे, आणि देवाला दाखवून झाला की मग कुणाला नाही म्हणत नसे. तिच्याकडंही सांगण्यासारखं भरपूर होतं, पण आठवड्याभरात तेही सरलं. जंगल गप्प व्हायला लागलं. मग आईनंच एक दिवस मला सांगितलं की घरी जे बडबडत असतेस ते इथं येऊन बडबड, तुझं पाठांतर होईल आणि आमचा आवाज होईल.

असा युरोप आमच्या जंगलात आला.

मी माझ्या झाडाखालून नाव घेऊन प्रश्न टाकायची आणि जिचं नाव घेतलं तिनं उत्तर द्यायचं. आधी मी सगळं सांगून ठेवायची, मग फिरून फिरून तेच विचारायची. उत्तर बरोबर की चूक याला पहिल्या दिवशी महत्त्व होतं. दुसऱ्या दिवसापासून कुणाला त्याचं काही वाटेना. आवाज आला की आम्ही पुढचं फूल उचलायचो.

मी सांगितलं की इटली-स्पेनकडं एकदा पोपनं पंचांग दुरुस्त केलं आणि ऑक्टोबरच्या चार तारखेनंतर एकदम पंधरा तारीख आणली. लोक रात्री झोपले आणि उठले ते थेट पंधरा तारखेला. मधले दहा दिवस कुणाच्याच आयुष्यात आले नाहीत. मला हे फार गमतीचं वाटायचं. शेवंताबाईला वाटलं नाही. तिनं विचारलं, त्या दहा दिवसांत झाडाखाली काही पडलं नसेल का? मी म्हटलं, पडलं असेल. मग ती म्हणाली की दिवस आले होते, पोपनं मोजले नाहीत एवढंच. आजही वर्गात पंचांगाचा विषय निघाला की मी हेच सांगते, फक्त तिचं नाव घेत नाही, कारण ते परीक्षेत चालत नाही.

फ्रान्सचा एक राजा स्वतःला काचेचा समजायचा. कुणी हात लावला तर तडकेन, म्हणून कपड्यांत लोखंडी पट्ट्या शिवून घ्यायचा. आई यावर काम थांबवून हसली होती. मग जरा वेळानं तिनं विचारलं, त्याच्या बायकोनं कसे दिवस काढले असतील? त्याच देशात डुकरावर खटला भरल्याचं ऐकून मात्र सगळ्याच झाडांखालून हसू आलं. लेकराला मारल्याचा आरोप, न्यायाधीश, सगळं रीतसर, आणि एका डुकरिणीला तर म्हणे शिक्षेच्या दिवशी माणसाचे कपडे घातले होते. रानडुकरांनी ज्यांच्या बांध्या दरवर्षी उखडल्या त्या बायकांना ही गोष्ट वेडेपणाची वाटली नाही, आपल्याकडं ही सोय का नाही, असं वाटलं.

हॉलंडच्या ट्युलिपनं मात्र माझी फजिती केली. त्या फुलाच्या एका कांद्यापायी लोकांनी घरं विकायला काढली, असं मी रंगवून सांगितलं. ते फूल खातात का? नाही. वाळवून ठेवतात का? नाही. दारू होते? नाही. बरं, वास तरी? तोही विशेष नाही. मग शेवंताबाईनं पुढचं फूल उचललं आणि मला वाटलं, युरोपावरचा तिचा विश्वास त्या दिवशी थोडा उडाला.

या सगळ्यात एक झाड कमी बोलायचं. वनितावहिनीचं.

ती मुळातच हळू बोलणारी. राजुऱ्याच्या पुढं, पार तेलंगणाच्या बाजूला तिचं माहेर. वडील नव्हते, म्हातारी आई होती आणि भाऊ खाणीत कामाला. त्याला सुटी मिळेना, त्यामुळे मुराळी म्हणून न्यायला कुणी येईना. लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि ती दिवाळीची एकदा जाऊन आली तेवढीच. याबद्दल ती एक अक्षर बोलत नसे. संध्याकाळी धुणं काढताना बसच्या रस्त्याकडं बघत उभी राहायची, तेवढ्यावरून आम्ही समजायचो आणि समजून आपापल्या कामाला लागायचो. घरात तिचा आवाज चुलीपाशीच राही. बाबा ओट्यावर असले की तोही नाही. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलत नाही. पदर डोक्यावर, मान खाली, काही सांगायचंच असेल तर सासूमार्फत. यात जाच असा कुणाला वाटत नाही, वळण म्हणतात त्याला. आईनंही तसंच केलं होतं. आणि बाबा काही तापट वगैरे नव्हते, उलट बिचारे घरात खाकरून यायचे, की सुनेला पदर घ्यायला वेळ मिळावा.

मोहाखाली मात्र हेच वळण जिवावर येणारं होतं, आणि आम्हाला सगळ्यांना त्याची धास्ती होती. मी विचारलं की वहिनी उत्तर द्यायची, पण कसं, तर शेजारच्या झाडालाच कळेल इतकं. मी पुन्हा विचारायची, ती पुन्हा तेवढ्याच आवाजात. आई चिडायची. शेवंताबाईनं तर तिला जवळ बसवून सांगितलं, “बोलत जा ना माय. इथी आवाज हेच कुंपन हाय.” वहिनीनं मान हलवली. मान हलवण्यात ती कुणाला हार जात नसे.

एकदा मी सांगत होते की रोमच्या पूर्वेकडच्या सम्राटाच्या दरबारात शांतता राखायला खास अधिकारी नेमलेले असत. सम्राटासमोर कुणी बोलू नये, एवढंच त्यांचं काम, आणि त्याला मोठा मान. आई पलीकडून म्हणाली, अधिकारी कशाला नेमले, नवी सून आणायची होती. सगळ्या हसल्या. वहिनीच्या झाडाकडूनही हसू आलं, बारीक, पण आलं. मला इतकं बरं वाटलं की मी लागोपाठ तिलाच प्रश्न विचारत सुटले.

मग एक दिवस आईचा गुडघा धरला आणि तिच्याऐवजी बाबा आले. आईचं झाड वहिनीच्या झाडाला लागून होतं. बाबांना या प्रश्नोत्तरांची गंमत वाटली, पण आठवायचा त्यांना कंटाळा. त्यांनी एकच नाव धरून ठेवलं. काहीही विचारलं तरी नेपोलियन. अमेरिकेच्या वाटेला पहिला कोण लागला? नेपोलियन. छापखाना कुणी काढला? नेपोलियन. मी वैतागले की म्हणायचे, आवाज आला ना, मग झालं. नेपोलियनला उभ्या आयुष्यात जितकी कामं जमली नसतील तितकी त्यांनी त्याच्याकडून एका सकाळीत करून घेतली.

तर त्या सकाळी मी विचारलं, “वनितावहिनी, सूर्यराजा म्हणवून घेणारा राजा कोण?”

उत्तर आलं नाही.

मी परत विचारलं. उत्तर नाही. शेवंताबाई उभी राहिली. मी उभी राहिले. वहिनीच्या झाडाच्या आड करवंदीची जाळी होती, त्यामुळे ती दिसत नव्हती. मी आणखी एकदा, आता राजाचं नाव सोडून नुसतं तिचं नाव घेऊन ओरडले. पाखरंसुद्धा बोलत नव्हती असं मला आठवतं, पण पाखरं बोलतच असणार, मलाच ऐकू येत नसावीत. तेवढ्यात बाबा धावलेले दिसले. पायात वहाणा नाहीत, हातात कुऱ्हाड, आणि ओरडणं असं की ते बाबांचं आहे हे मला क्षणभर ओळखूच आलं नाही. आम्ही दोघी मागून टोपली बडवत धावलो.

वहिनी झाडाखाली उभी होती. टोपली जागच्या जागी, फुलांनी अर्धी भरलेली. डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. तिला काहीच झालं नव्हतं. सासऱ्याला कुऱ्हाड घेऊन धावत येताना बघून तीच घाबरली होती.

तिला उत्तर येत होतं. चौदावा लुई. तिनं ते मला नंतर कानात सांगितलं. पण मामाजी, म्हणजे सासरे, शेजारच्या झाडाखाली असताना ओरडायचं कसं? आम्हा सगळ्यांचा जीव गोळा झाला होता आणि ती बाई पदर सावरून वळण पाळत उभी होती. मला इतका राग आला की रडूच आलं. शेवंताबाई डोक्याला हात लावून खाली बसली.

बाबा धापा टाकत होते. कुऱ्हाड झाडाला टेकवली, तोंड पुसलं, आणि सुनेकडं न बघता, झाडाच्या बुंध्याकडं बघत म्हणाले, “हे पाह्य पोरी. घरी सासरा ठीक हाय. जंगलात सासरा नसते. इथी सारे येचनारेच. तुले नाई आलं उत्तर तरी चालन, पन आवाज दे. तुह्या मायनं आमच्या भरवशावर धाडलं तुले.”

बाबा सुनेशी इतकं लांबलचक पहिल्यांदाच बोलले असतील. ती नुसती उभी राहिली. मान हलवलीसुद्धा नाही.

त्यानंतर आईचा गुडघा काही लवकर बरा झाला नाही आणि बाबाच येत राहिले. वहिनी बोलायला लागली, पण एकदम नाही. पहिल्या दिवशी तिचा आवाज पदरातून आल्यासारखा आला. मग थोडा वर. इंग्लंडात गिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामगारांना उठवायला लांब काठीनं खिडक्या ठोठावत फिरणारी माणसं असत, असं मी सांगितलं. तिनं आपण होऊन विचारलं, मग त्या उठवणाऱ्याला कोण उठवत असेल? मी पुस्तकात शोधलं. मिळालं नाही. बल्लारपूरच्या भोंग्यावर उठणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला हा प्रश्न पडणारच. पण प्रश्न पडणं आणि तो मोठ्यानं विचारणं, यांत जे अंतर असतं ते तिनं त्या दिवशी कापलं, असं मला वाटतं.

बाबांना स्वतःला एकच गोष्ट मनापासून भिडली. इंग्लंडच्या राजानं दिलेली मोठी सनद सगळ्यांना माहीत असते, मॅग्ना कार्टा. पण ती ‘मोठी’ का, तर तिच्या मागोमाग दुसरी एक लहान सनद निघाली, ती फक्त जंगलाची. राजानं जंगलं आपल्या नावावर करून घेतली होती. हरीण मारलं तर हातपाय जायचे, जीवही जायचा. लहान सनदेनं ते थांबवलं आणि लोकांना जंगलात डुकरं चारायला, झाडाखाली पडलेली फळं त्यांना खाऊ घालायला मुभा मिळाली. बाबा गावाच्या वनहक्क समितीत होते. सामूहिक हक्काच्या कागदांसाठी गडचिरोलीपर्यंत जाऊन बसलेले. त्यांनी मला तीनदा विचारलं, पडलेलं फळ उचलायला त्यांनाही मागावं लागलं होतं का? मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही. नंतर बराच वेळ त्यांच्या झाडाकडून नेपोलियन आला नाही आणि मलाच हाका माराव्या लागल्या.

हंगाम उतरणीला लागला. फुलं विरळ झाली, झाडांना तांबूस कोवळी पानं फुटली. अंगणात वाळलेला मोह मनुकांसारखा दिसायला लागला आणि घरभर तोच वास, अंथरुणालासुद्धा. फुलं कमी म्हणजे वाकून शोधणं जास्त. त्या दिवशी बाबा लांबच्या झाडाखाली होते, नाल्याच्या बाजूला. मी काय विचारत होते ते आठवत नाही. कुठलीतरी राणी होती. प्रश्न माझ्या तोंडात असतानाच वहिनीचा आवाज आला. तसा आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता, कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता.

“मामाजी, उभे राहा. सरळ उभे राहा.”

ती किंचाळली नाही. तिनं हुकूम दिला. आणि बाबा उभे राहिले. कारण विचारलं नाही, मागं वळून बघितलं नाही, आधी ताठ उभे राहिले. त्यांच्या पाठीमागं, नाल्याच्या काठच्या गवतात, तो बसला होता. मला आधी दिसलाच नाही. मग गवताचा एक तुकडा जास्त पिवळा आहे असं वाटलं, आणि मग त्याला तोंड आहे हे दिसलं.

पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, आवाज करायचा, हे आम्हाला पाठ होतं. आवाज कसला, ते कुणी सांगितलं नव्हतं. तोंडात जे होतं ते बाहेर पडलं. शेवंताबाई पत्र्याचा डबा बडवत “पोप, पोप” म्हणून ओरडत होती. मी कुठलेकुठले तह ओरडत होते. वहिनी चौदावा लुई, चौदावा लुई, असं एकसारखं म्हणत बाबांच्या दिशेनं एकेक पाऊल पुढं जात होती. पदर खांद्यावर होता, डोकं उघडं. बाबा तेवढे गप्प होते. कुऱ्हाड छातीशी धरून एकेक पाऊल मागं येत होते, तोंड त्याच्याकडं.

तो उठला. अंग ताणल्यासारखं केलं, आमच्याकडं एकदा बघितलं आणि नाल्यात उतरला. घाईत नव्हता. इतिहासातल्या इतक्या मोठ्या माणसांची नावं ऐकून तो गेला, की त्याला जायचंच होतं, हे त्यालाच माहीत.

परत येताना गावाच्या वेशीपाशी वहिनीच्या लक्षात आलं आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. बाबा नेहमीसारखे पुढं चालत होते. घरी आल्यावर ओट्यावर बसले आणि आईनं दिलेलं पाणी त्यांनी हातात तसंच धरून ठेवलं. लोक जमले. काय झालं, कसं झालं, विचारायला लागले. बाबांनी एवढंच सांगितलं, “सुनेनं आवाज देल्ला, म्हनून बसलो हावो तुमच्यापुढं.” आई आत गेली आणि वहिनीला पोटाशी धरून बराच वेळ उभी राहिली. मीही गेले. तिचं अंग तापलं होतं. ती मला म्हणाली, “बाई, त्यायले मी हुकूम केला जी. काही वाटलं नसन ना त्यायले?”

वनखात्याची माणसं आली, पायाचे ठसे बघितले, काही दिवस तिकडं जाऊ नका म्हणाली. आम्ही गेलो नाही. मी घरात बसून मुकाट्यानं कारणं आणि परिणाम वाचले. त्या वर्षी पास झाले ते बहुधा त्या सक्तीच्या दिवसांमुळे. युरोप आता पुस्तकातच होता आणि पुस्तकात तो फारच गप्प वाटायचा. डुकराच्या खटल्यावर हसणारं कुणी नाही, ट्युलिपला नावं ठेवणारं कुणी नाही. आजही शिकवताना मला तसंच होतं. वर्गात मी काचेच्या राजाची गोष्ट सांगते, पोरं हसतात आणि लिहून घेतात. त्याच्या बायकोबद्दल मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही.

मग हंगामातलं शेवटचं जाणं. सगळा मोहल्ला मिळून गेलो, दोन माणसं काठ्या घेऊन नुसती उभी राहायला. बाबांना आईनं येऊ नका म्हटलं होतं, तरी ते आले, आणि या वेळी वहिनीच्या शेजारच्या झाडाखाली थांबले. फुलं अशी नव्हतीच. सवय म्हणून आलो होतो. कालच्या वाऱ्यानं पडलेली काही, मुंग्या लागलेली. मी पहिला प्रश्न कुणाला विचारावा याचा विचार करत होते. तेवढ्यात वहिनीच्या झाडाकडून आवाज आला, चांगला मोठा.

“मामाजी, मी एक इचारू?”

“इचार,” बाबा म्हणाले.

ती थोडा वेळ बोलली नाही. तेवढ्यानंच मी येचायचं सोडून सरळ उभी राहिले. शेवंताबाईही उभी राहिली.

“मले माहेरी कवा धाडता?”

सगळ्या जंगलाला ऐकू गेलं. काठ्या घेऊन उभी असलेली माणसं दुसरीकडं बघायला लागली. असं कुणी विचारत नाही आमच्याकडं. मुराळी येतो, सासूच्या कानावर घालतो, सासू सासऱ्याला सांगते, मग दिवस ठरतो. सून थेट सासऱ्याला, तेही चार माणसांत, आजवर कधी विचारताना मी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली की बाबा आता सवयीनं नेपोलियन म्हणतील आणि सगळे हसतील आणि ती पुन्हा पदर ओढून घेईल.

बाबा झाडाच्या आडून बाहेर आले, तिला दिसतील असे उभे राहिले.

“मोह सरू दे,” ते म्हणाले. “तुहा भाऊ नाई आला तरी मीच नेऊन देतो.”

मला वाटलं, झालं. हेच खूप झालं. मी वाकले. पण वहिनी अजून उभीच होती. तिनं टोपली उचलून बाबांच्या दिशेनं तिरपी केली. तळ दिसत होता.

“मोह तं सरला, मामाजी.”

बाबांनी टोपलीकडं पाहिलं. मग वर झाडाकडं पाहिलं. फांद्यांवर फूल नव्हतं, नुसती नवी पानं.

“सरला खरा,” ते म्हणाले. “मंग उद्याच जाऊ.”